बसू द्यावं की उठवावं? राऊच्या एका ब्रह्मा कोंबडीचं प्रकरण

२ मे २०२२ ला सकाळी आत्याचा फोन आला. "अगं, ढबी आठ दिवस झाले उठत नाहीये. अंडी काढून घेतली तरी रिकाम्या पेटीत बसून राहते. हात घातला की फुगते आणि टोचते. बसलीच आहे तर अंडी ठेवू का खाली?"

आत्या राऊला राहते, इंदूरहून महूकडे जाताना लागतं ते राऊ. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने घरामागच्या जागेत कोंबड्या पाळायला घेतल्या. मी स्वतः चौदा वर्षं कोंबड्या पाळते आहे, त्यामुळे नात्यातल्या, ओळखीतल्या मराठी घरांतून कुणाची कोंबडी आजारी पडली की मला फोन येतो. मी पशुवैद्य नाही. वजन करणं, वहीत लिहून ठेवणं आणि वेळ निघून जायच्या आत डॉक्टरकडे नेणं, एवढंच माझं काम. ढबीची वही माझ्याकडे पहिल्यापासून होती म्हणून हे प्रकरण आकड्यांसकट लिहिता येतंय. त्यातली माझी चूकही लिहिते आहे, कारण तीच चूक आणखी दोन घरांत होताना मी पाहिली आहे.

पक्षी आणि जागा

ढबी ब्रह्मा जातीची. सप्टेंबर २०१८ मध्ये अंड्यातून निघालेली, दोन महिन्यांची असताना आणखी एक कोंबडी आणि एक कोंबडा यांच्याबरोबर आत्याकडे आली. दुसरीचं नाव सावळी. बाकी पाच कोंबड्या वनराजा होत्या, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने घरच्या अंगणासाठी तयार केलेली जात.

ब्रह्मा नाव ऐकून बऱ्याच जणांना वाटतं, ही आपल्याकडचीच जात असणार. नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं हे खरं, पण जात घडली ती अमेरिकेत. १८४० च्या दशकात चीनच्या शांघाय बंदरातून जे थोराड पक्षी तिकडे गेले, त्यांच्यापासून ती तयार झाली. १८५२ मध्ये राणी व्हिक्टोरियाला नऊ पक्षी भेट गेले आणि त्या काळात युरोपात मोठ्या कोंबड्यांचं वेडच पसरलं होतं. हा इतिहास सांगण्याचं कारण एकच. पायाच्या बोटांपर्यंत पिसं, अंगावर गादीसारखा पिसांचा थर, तुरा अगदी लहान म्हणजे हिवाळ्यात गारठून काळा पडू नये असा: या पक्ष्याची सगळी घडण थंडीची आहे. त्याला आपण माळव्याच्या मे महिन्यात आणून ठेवतो. कोंबडीला घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायचा तिचा मुख्य मार्ग म्हणजे चोच उघडून धापा टाकणं, आणि थोडीफार तुऱ्यातून, चोचीखाली लोंबणाऱ्या गलोलीतून, उघड्या पायांतून जाते. ब्रह्माचा तुरा लहान, पाय झाकलेले. म्हणजे हे मार्गही अरुंद.

ढबीचं नेहमीचं वजन ४.२ किलो. आपली साधी गावठी कोंबडी दीड किलोच्या आसपास असते, यावरून अंदाज यावा.

आता जागेबद्दल. आधी खुराडं छान मोकळं होतं, तीन बाजूंनी जाळी. डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदूरला डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले, भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लूचा एच५एन८ विषाणू निघाला, आणि आत्या घाबरली. घाबरणं बरोबरच होतं. जंगली पक्ष्यांची विष्ठा आत पडू नये म्हणून तिने वर पत्रा घातला आणि दोन बाजूंना जाड प्लास्टिक लावलं. साथ ओसरली, प्लास्टिक तसंच राहिलं. अंडी घालायच्या लाकडी पेट्या जमिनीपासून दोन फुटांवर भिंतीला ठोकलेल्या होत्या. वनराजांना ते सोयीचं होतं. चार किलोच्या ढबीसाठी नव्हतं, पण अंडं घालून उतरायचं एवढ्यात काही बिघडत नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिला निर्णय

कोंबडी खुडूक होते, अंडी उबवायला बसते, म्हणजे नेमकं काय होतं, हे आत्याने मला तेव्हा विचारलं होतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचा स्राव वाढतो. त्याने अंडाशय आखडतं, अंडी थांबतात, भूक मंदावते, छातीखालची पिसं गळून तिथली कातडी उघडी आणि गरम होते. त्या उघड्या कातडीला खाली अंडी लागत राहिली की स्राव टिकून राहतो. कोंबडी दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, घाईघाईने खाते, पाणी पिते, एक भलीमोठी उग्र वासाची शीट टाकते आणि परत येऊन बसते. आपल्याकडे मराठीत खुडूक, शेजारच्या माळवी काकींच्या तोंडी कुड़क. शब्द जवळचेच आणि दोघींना कळतं ते एकच की आता हिला काही सांगून उपयोग नाही. लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जातींतून निवड करकरून हा गुण जवळजवळ काढून टाकला गेला आहे. ब्रह्मा, कोचीन, ऑर्पिंग्टन, आपल्याकडची असील यांच्यात तो चांगलाच शिल्लक आहे.

मी संध्याकाळी राऊला गेले. भाजीवाल्याचा लटकता काटा आणि कापडी पिशवी माझ्याजवळ असतेच. ढबी ३.८ भरली. म्हणजे रिकाम्या पेटीवर बसूनच आठ दिवसांत चारशे ग्रॅम उतरली होती.

तेव्हाच तिला उठवायला हवं होतं. तीन कारणं माझ्यासमोर होती: मे महिना, पावणेचार वर्षांचं वय, आणि नऊ-दहा टक्के वजन आधीच गेलेलं. पण आत्याने इतकी वर्षं ब्रह्माच्या पिल्लांची वाट पाहिली होती. यंत्रातली पिल्लं तिला नको होती, आईखालची हवी होती. मी म्हटलं, ठेवू या, पण अंडी कमी.

ढबीच्या आकाराच्या कोंबडीखाली बारा अंडी सहज मावतात. आम्ही नऊ ठेवली, ३ मे च्या रात्री. चार सावळीची, पाच वनराजांची. सगळी आठवड्याच्या आतली, कारण उन्हाळ्यात अंडी साठवली की फार लवकर बिघडतात. नुसत्या खोलीच्या उष्णतेवरच आतला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. आत्याने माठाशेजारच्या गार कोनाड्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवली होती, ते बरं केलं.

सात दिवसांनी

१० मे च्या रात्री मोबाइलची टॉर्च मुठीत धरून एकेक अंडं बघितलं. मला या कामाचा कधी कंटाळा येत नाही. अंधारात अंडं उजळतं, आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसतात आणि मधोमध एक काळा ठिपका हलत असतो. डोळा. आत्या चष्मा सारखा करून बघत राहिली, बराच वेळ काही बोलली नाही.

नऊपैकी दोन फुटलेली होती. ढबी खाऊन परत येताना दोन फुटांवर उडी मारायची आणि सगळं वजन अंड्यांवर पडायचं. पेटीतलं गवत चिकट झालं होतं, मुंग्या लागल्या होत्या. उरलेल्या सातांपैकी दोन कोरी निघाली, दोन्ही सावळीची. यात नवल नव्हतं. उन्हाळ्यात जड कोंबड्याची फलनक्षमता घटते, शिवाय ब्रह्माच्या शेपटीखाली पिसांचा इतका दाट झुपका असतो की जोडा नीट जुळत नाही. नर-मादी दोघांची तिथली पिसं कात्रीने कापून ठेवायची असतात. ते आम्ही केलं नव्हतं. पाच अंडी जिवंत होती, दोन सावळीची आणि तीन वनराजांची.

ढबीचं वजन ३.४.

मी गवत बदललं, पेटी काढून जमिनीवर ठेवली, पाण्याचं भांडं जवळ आणलं आणि घरी परतले. तिला हातात घेतलं होतं, वजन केलं होतं. पिसं उलटून बघितली नाहीत.

१३ मे

दुपारी तीनला आत्याने परत बोलावलं. ढबी कालपासून खायला उठलीच नव्हती. पेटीशेजारी थर्मामीटर ठेवला, पारा ४१ वर गेला. बाहेर सावलीतही जवळपास तेवढंच होतं, पण बाहेर वारा होता. आत पत्रा तापलेला आणि प्लास्टिकमुळे हवा कोंडलेली. ढबी चोच उघडून धापा टाकत होती, पंख अंगापासून दूर धरले होते, आणि तरीही अंड्यांवरून हलत नव्हती. अंड्यांना हवी असते साडेसदतीस अंशांच्या आसपासची ऊब. एक-दोन अंश कमी झाले तर पिल्लू काही तास तग धरतं, वर गेले तर लवकर मरतं. म्हणजे त्या घडीला तिचं बसणं अंड्यांच्याही कामाचं नव्हतं.

उचलली तर हाताला हलकी लागली. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं, दोन्ही बाजूंचं मांस खोल गेलेलं. गळ्याची पिशवी रिकामी. काटा ३.१ वर थांबला. ४.२ वरून ३.१, म्हणजे सव्वीस टक्के. तीन आठवड्यांच्या बसण्यात दहा-पंधरा टक्के उतरणं मी धरून चालते. हिचे तर अंड्यांवरचे दहाच दिवस झाले होते.

आणि तुरा पांढरट पडला होता. उपाशी कोंबडीचा तुरा सुकतो, मलूल होतो. असा कागदासारखा पांढरा पडत नाही. तिथे मला खटकलं.

पेटी उचलून उन्हात आणली आणि फळ्यांच्या सांध्यात सुरीचं टोक घातलं. राखाडी भुकटीसारखं काहीतरी बाहेर सांडलं आणि चालायला लागलं. लाल माईट. मोहरीच्या दाण्याहूनही बारीक किडा. दिवसा फटीत लपतो, रात्री बाहेर येऊन कोंबडीचं रक्त पितो आणि मग लाल दिसतो. म्हणून दिवसा कोंबडीच्या अंगावर तो सापडतच नाही. दुसऱ्या कोंबड्या रात्री दांडीवर बसतात, दिवसभर मातीत लोळतात, धुळीने अंग साफ करतात. खुडूक कोंबडी चोवीस तास त्या किड्यांच्या घरातच बसलेली आणि मातीत लोळायला जाणंही थांबलेलं. कोंडलेल्या, गरम खुराड्यात हा किडा फार झपाट्याने वाढतो. म्हणजे बर्ड फ्लूच्या वेळी लावलेल्या त्या प्लास्टिकनेच सव्वा वर्षानंतर हे घडवलं होतं.

वजन उतरतंय ते बसण्यामुळे, असं मी दहा दिवस धरून बसले होते. वहीत आकडे बरोबर लिहिले आणि कारण चुकीचं मानलं. रात्री टॉर्च घेऊन अंडी बघितली तेव्हाच पेटीच्या फटी बघितल्या असत्या, तर १० तारखेलाच सापडले असते.

त्या संध्याकाळी दोन गोष्टी एकदम करायच्या होत्या: अंडी वाचवायची आणि ढबीला उठवायचं.

काकींकडे एक गावठी कोंबडी तीन दिवसांपूर्वीच बसवली होती, गारव्याच्या जागी, मातीच्या भिंतीलगत, सात अंड्यांवर. काकींनी क्षणाचाही विचार केला नाही. "रख दो, बेचारी दोनों का संभाल लेगी." पाच अंडी तिच्याखाली गेली, तिची स्वतःची दोन आम्ही कमी केली, म्हणजे दहा झाली, दीड किलोच्या कोंबडीला तेवढीच झेपतात. अंधार पडल्यावर, स्टीलच्या डब्यात कोमट पाण्याची बाटली आणि टॉवेल घालून अंडी नेली. कोंबडीखाली हात सरकवून एकेक ठेवलं. तिने चोचीने ती आत ओढून घेतली. पिल्लं निघाली तर निम्मी काकींची, असं तिथेच ठरलं.

ढबीला उठवायची नेहमीची रीत म्हणजे खालून वारा लागेल अशा तारेच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवायचं. खाली गवत नाही, कोपरा नाही, छातीखाली गार हवा. मग स्राव उतरतो. पण जड आणि पायाला पिसं असलेल्या कोंबडीला तार काचते. ढबीला २०२० च्या पावसाळ्यात तळपायाला गळू झालेलं होतं, काळ्या मातीचे गोळे बोटांमधल्या पिसांना चिकटून वाळले होते त्यातून. म्हणून तार नको म्हटलं. मंडईत मिळतं ते फळांचं प्लास्टिकचं क्रेट उलटं करून चार विटांवर ठेवलं, वर तिला आणि तिच्याभोवती जाळी. क्रेटची भोकं गुळगुळीत असतात, वारा तेवढाच लागतो. सगळं निंबाखाली, भोवती ओलं गोणपाट. पाण्यात इलेक्ट्रोलाइट, लेयरचं म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य भिजवून दिवसातून चार वेळा थोडं थोडं. माईटचं औषध डॉक्टरांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या मात्रेतच दिलं. पेट्या मोडून जाळल्या, भिंतींच्या फटीत चुना भरला, प्लास्टिक काढून टाकलं.

चौथ्या दिवशी, १७ मे ला सकाळी, क्रेटवरून सोडल्यावर ढबी पेटीची जागा शोधायला गेली नाही. ती सरळ आंब्याखालच्या धुळीत गेली, कुशीवर आडवी झाली आणि पंखांनी माती अंगावर उडवू लागली. पाऊण तास ती तिथेच होती.

२४ मे ला काकींकडे पाचपैकी चार निघाली. एक अंड्यातच मेलेलं, चोच कवचापर्यंत पोचलेली. एका पिल्लाचे पाय फाकत होते, दोन दिवस मऊ पट्टीने दोन्ही पाय जोडून बांधले आणि ते उभं राहिलं. त्या चारांत दोन शुद्ध ब्रह्मा होती, एक नर, एक मादी. मादी आत्याकडे आली.

"हिचं आयुष्य किती गं?"

जूनमध्ये ढबी ३.७ वर आली तेव्हा आत्याने हे विचारलं. मी उत्तर दिलं ते थोडं सविस्तर सांगते, कारण मोठ्या जातीची कोंबडी घेणाऱ्यांना विकणारे हे सांगत नाहीत.

चांगली निगा असेल तर ब्रह्मासारखी जड कोंबडी साधारण पाच ते आठ वर्षं जगते. लहान चणीची गावठी, मांजर-मुंगूस-कुत्र्यापासून वाचली तर, सहसा त्याहून जास्त. मांसासाठीची ब्रॉयलर तर पाच-सहा आठवड्यांत बाजारात जाते. तिची वाढ इतकी वेगाची असते की कुणी दया येऊन ठेवून घेतलीच, तर खाणं मोजून दिल्याशिवाय पाय आणि हृदय जड शरीराला पुरत नाहीत. ब्रह्मा तशी नाही, ती सावकाश वाढते. सात-आठ महिन्यांची होईपर्यंत अंडंही देत नाही. पण वजन हे वजनच. दांडी फूटभरापेक्षा उंच नको, नाहीतर रोज सकाळची उडी तळपायावर आणि सांध्यांवर पडते. उन्हाळे तिच्या वयातून जास्त घेतात. चरबी चढली तर यकृत बिघडतं.

आणि कोंबडी म्हातारपणाने मरते हे फार कमी वेळा बघायला मिळतं. बऱ्याच जातात त्या अंड्यांच्या यंत्रणेमुळे. बलक नळीत न पडता पोटात पडतो, तिथे साचतो, सडतो. म्हणून मला खुडूक होण्याकडे शत्रू म्हणून बघता येत नाही. बसलेल्या दिवसांत अंडाशयाला विसावा मिळतो. दरवेळी दुसऱ्याच दिवशी उठवून तिला परत अंड्यांना लावायचं, हे अंडी विकणाऱ्याचं गणित झालं. मात्र हा विसावा कोंबडी स्वतःचं मांस जाळून घेते. अंगावर मांस असेल आणि हवा गार असेल तर तिला परवडतं. मे महिन्यात, किडे पोसत, नाही परवडत.

आत्या म्हणाली, "म्हणजे थंडीत बसली तर बसू द्यायची?"

हो. आणि तसंच झालं.

दुसऱ्यांदा

ऑगस्टमध्ये ढबीने पिसं टाकली, सप्टेंबरअखेर अंडी सुरू केली, आणि ऑक्टोबर संपता संपता परत पेटीत बसून फुगायला लागली. यावेळी वजन आधी केलं: ४.३. रात्री पेटीत पांढरा कपडा अंथरून दोन तासांनी टॉर्चने बघितला, एकही लाल ठिपका नाही. मग ४ नोव्हेंबरला आठ अंडी ठेवली. यावेळी कोंबडा-कोंबड्यांची शेपटीखालची पिसं तीन आठवडे आधी कापून ठेवली होती.

घरटं जमिनीवरच, पसरट घमेल्यात. तळाला ओलसर माती दाबून मध्ये उथळ खळगा केलेला, वर गवत. खळग्यामुळे अंडी कडेला घरंगळत नाहीत आणि जड कोंबडी चालत आत येते, उडी मारत नाही. शिवाय आत्याने एक नियम घालून घेतला. रोज दुपारी बारा वाजता ढबीला दोन्ही हातांनी उचलायचं, पंखांखाली अंडं अडकलेलं नाही ना ते बघायचं, आणि खाद्यासमोर ठेवायचं. पहिले दोन दिवस ढबी जिथे ठेवली तिथेच चपटी होऊन बसून राहिली, जणू अजून पेटीतच आहे. तिसऱ्या दिवसापासून खायला लागली, मग धुळीत जायची, वीस मिनिटांत स्वतः परत यायची. शेवटचे तीन दिवस मात्र तिला हात लावला नाही. तेव्हा आत पिल्लं फिरून जागा घेत असतात आणि ओल टिकायला हवी असते.

एकही अंडं फुटलं नाही. २५ नोव्हेंबरला सहा पिल्लं. एक अंडं कोरं होतं, एक मध्येच थांबलेलं. ढबी ३.८, म्हणजे बारा टक्क्यांच्या आत.

पिल्लं निघाल्यावर ढबी आणखी दीड दिवस उठली नाही. आत्याचा जीव वरखाली, पिल्लं उपाशी राहतील म्हणून. पण पिल्लाच्या पोटात ओढून घेतलेला बलक दोन दिवस पुरतो. आई मागे राहिलेल्या अंड्यांसाठी थांबते ती त्याच भरवशावर. एवढ्या जड आईखाली पिल्लू चिरडायची भीती असते ती याच दिवसांत. घमेलं काढून सपाट जागी कोरडा भुसा केला, त्यामुळे सहाही वाचली. यंत्रातल्या पिल्लांना मरेक्स या विषाणूच्या रोगाची लस पहिल्याच दिवशी टोचलेली असते, घरी आईखालच्या पिल्लांची ती राहून जाते. आम्ही आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं. राणीखेत रोगाच्या लशीचा थेंब सातव्या दिवशी डोळ्यात घातला.

थंडीत सकाळी आठला ऊन अंगणात आलं की ढबी पंख थोडे पसरून बसायची आणि तिच्या पायांच्या पिसांतून सहा डोकी वेगवेगळ्या बाजूंनी बाहेर यायची. आत्या पोह्यांची बशी घेऊन पायरीवर बसायची. पोहे बरेचसे तिकडेच जायचे.

शेवट

एप्रिल २०२३ मध्ये ढबी तिसऱ्यांदा बसली. आत्याने मला विचारलंही नाही. दुसऱ्याच दिवशी क्रेटवर घातलं आणि मग फोन केला. लवकर पकडली म्हणून दोन रात्रींत उठली, वजन शंभर ग्रॅमही उतरलं नाही. तीन आठवड्यांनी अंडी सुरू.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ती अंडी देईनाशी झाली. पेटीत जायची, बसायची, काही न घालता उठायची. डिसेंबरात पोट खाली ओघळलं आणि ती सरळ ताठ, शेपूट खाली घालून उभी राहायला लागली. महूला दाखवलं. पोटातलं पाणी काढून दोन आठवडे बरी राहिली. १७ जानेवारी २०२४ ला सकाळी गेली. सव्वापाच वर्षांची होती. उघडून बघितल्यावर जे वाटलं होतं तेच निघालं: पोटात पिवळे थिजलेले गोळे, आतड्यांना चिकटलेले. डॉक्टरांनी यकृत, हृदय, फुप्फुसं दाखवली, ती स्वच्छ होती. तळपायाचं जुनं गळू पूर्ण भरलेलं होतं. आत्याने तिला आंब्याखाली पुरलं, ती मातीत लोळायची तिथेच.

त्या मे महिन्यात ढबीने दहा दिवस आणि काकींच्या कोंबडीने अकरा दिवस उबवलेल्या अंड्यातली मादी २०२४ च्या फेब्रुवारीत पावणेदोन वर्षांची होती. वहीत ढबीनंतरचं पान तिचं. त्यावर आत्याच्या अक्षरातली पहिली नोंद आहे: ९ फेब्रुवारी २०२४, खुडूक, पहिल्यांदा. वजन ३.६. घमेलं जमिनीवर. रात्री पांढरा कपडा बघितला, स्वच्छ.